परदेशगमनाची तयारी : घरापासून घरापर्यंत

(रत्नागिरी जिल्ह्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. या सभागृहात असे एखादेच घर असेल की ज्यातील कोणी आखातात, आफ्रिकेत, युरोपात अथवा अमेरिकेत नाही. तरीही या विषयावर बोलण्याची गरज मला का वाटली, हे एका प्रसंगावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक भगिनी आपल्या दिरांना सोबत घेऊन आमच्या कार्यालयात आल्या. त्यांचे पती अकरा वर्षे आखातात फिटर म्हणून काम करीत होते. आदल्या रात्री त्यांच्या खोलीतील सोबत्याचा दूरध्वनी आला की, झोपेतच ते गेले. बाईंच्या हातात एक कापडी पिशवी होती. तिच्यात शिधापत्रिका होती, विजेची बिले होती, लग्नातले छायाचित्र होते. पासपोर्टची प्रत नव्हती. मालकाचे नाव विचारले तर उत्तर आले, “कंपनी”. शहराचे नाव ठाऊक होते, पत्ता नव्हता. विवाहाची नोंद कधी झालीच नव्हती. दूतावासाला निदान पासपोर्टचा क्रमांक तरी हवा होता. तो शेवटी गावच्या पतसंस्थेत, जुन्या कर्जाच्या फायलीत सापडला. पार्थिव घरी यायला तीन आठवडे लागले. त्या काळात बाई एकदाच मोकळेपणाने बोलल्या. म्हणाल्या, “साहेब, अकरा वर्षं पैसे वेळेवर येत होते, म्हणून मी कधी काही विचारलंच नाही.”

मित्रहो, त्या गृहस्थांनी जाण्याची तयारी केली नव्हती असे नाही. कर्ज काढले होते, बॅग भरली होती, मसाला व लोणचे घेतले होते. परंतु तयारी एकट्या जाणाऱ्याची झाली होती, घराची झाली नव्हती. परदेशी एक माणूस जातो, तेव्हा सगळे कुटुंबच एका नव्या प्रकारच्या आयुष्यात प्रवेश करीत असते. म्हणून तयारीही सगळ्या कुटुंबाची व्हावयास हवी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आपली जुनी परंपरा

घर सोडून पोटामागे जाणे कोकणाला नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत राबणाऱ्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर येथील गावे पिढ्यान् पिढ्या जगली. त्याही आधी, १८३४ पासून गिरमिटाच्या पद्धतीने जे मजूर मॉरिशसला गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते व त्यांचे वंशज आजही तेथे मराठी शिकतात. कोकणातील मुस्लिम कुटुंबे दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनपर्यंत पोहोचली. पुढे खनिज तेलाच्या उत्पन्नावर आखाती देशांत बांधकामे सुरू झाली आणि खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण, श्रीवर्धन, म्हसळा या भागांतून नव्याने माणसे जाऊ लागली.

गिरमिटावर गेलेल्या अनेकांना आपण कोठे जात आहोत व करारावर काय लिहिले आहे, याची नीट कल्पना नव्हती. जनमताच्या दबावामुळे १९१७ साली भारतातून गिरमिटिया मजूर पाठवणे थांबले. त्यानंतर १९२२ चा आणि पुढे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आला. या सर्व कायद्यांच्या मुळाशी एकच अनुभव आहे. अनभिज्ञ माणूस घराबाहेर पडला की त्याच्या अज्ञानावर दुसरा कोणीतरी पोट भरतो.

निर्णय कोणाचा ?

तयारीची पहिली पायरी म्हणजे निर्णय. आपल्याकडे तो बहुधा एखाद्या नातेवाइकाच्या फोनवर होतो. “व्हिसा आला आहे, आठ दिवसांत निघ,” असा निरोप येतो आणि घरातल्यांना विचार करायला वेळच उरत नाही. माझी सूचना अशी की, होकार देण्यापूर्वी घरातील सर्व मोठ्या माणसांनी, विशेषतः पत्नीने व आईवडिलांनी, एकत्र बसून कागदावर काही प्रश्नांची उत्तरे लिहावीत. किती वर्षांसाठी जायचे ? कशासाठी जायचे : कर्ज फेडण्यासाठी, घरासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी ? घरी आजारपण आले तर कोण धावेल ? शेतीचे काय ? आणि सुरुवातीचा खर्च कोठून येणार ?

शेवटच्या प्रश्नाचा हिशेब मांडून पाहू. समजा, एखाद्याने दीड लाख रुपये दरमहा शेकडा तीन व्याजाने घेतले. महिन्याचे व्याजच साडेचार हजार झाले. वर्षाला चोपन्न हजार रुपये गेले आणि मुद्दल तसेच उभे राहिले. पहिले वर्षभर माणूस सावकारासाठीच परदेशात राबत असतो, आणि पगार तीन महिने थकला तर घरावर दुहेरी संकट येते. सोने गहाण टाकण्यापूर्वी हा हिशेब सर्वांसमोर व्हावा.

कागद हाच परदेशातील आधार

आता कागदपत्रांकडे वळू. पारपत्रावरील, म्हणजेच पासपोर्टवरील नाव, जन्मतारीख व आडनाव हे शाळेचा दाखला, आधार आणि विवाह नोंदणीचा दाखला यांच्याशी जुळले पाहिजे. आपल्याकडे एका माणसाची तीन नावे तीन कागदांवर असतात. गावात त्याने काही अडत नाही, परदेशात सर्व काही अडते.

साधारणपणे दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीचा पासपोर्ट ‘ईसीआर’ वर्गात मोडतो. अशा व्यक्तीस आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवासी संरक्षकांची परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी आता ‘ई-मायग्रेट’ या संगणकीय व्यवस्थेमार्फत दिली जाते. पुष्कळांना ती अडचण वाटते व ते पर्यटक म्हणून जाऊन तेथे नोकरी शोधतात. ही मोठी चूक होय. परवानगी देताना करार तपासला जातो, मालकाची नोंद होते आणि विमा उतरवला जातो. पर्यटकाला यांपैकी काहीच मिळत नाही आणि कामावर पकडला गेल्यास तो गुन्हेगार ठरतो.

भरती करणारा दलाल केंद्र शासनाकडे नोंदलेला असला पाहिजे. त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर पाहता येतो. नियमांप्रमाणे त्याला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये व त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच घेता येते आणि त्याची पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. पावती न देणाऱ्यास पैसे देऊ नयेत. तो आपल्याच गावचा, आपल्याच भावकीतला असला तरीही देऊ नयेत.

करारपत्र सही करण्यापूर्वी वाचावे. इंग्रजी येत नसेल तर शिक्षकांकडून वाचून घ्यावे. त्यात पाहावयाची मुख्य गोष्ट म्हणजे मूळ वेतन किती व भत्ते किती. एक उदाहरण देतो. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारे उपदान मूळ वेतनावर मोजतात. पहिल्या पाच वर्षांसाठी ते दर वर्षाला २१ दिवसांचे असते. दोन माणसांना दरमहा दोन हजार दिऱ्हॅमच मिळतात, पण एकाचे मूळ वेतन ८०० आहे व दुसऱ्याचे १,५००. पाच वर्षांनी पहिल्याला २,८०० दिऱ्हॅम उपदान मिळेल, दुसऱ्याला ५,२५०. करारातील एका ओळीने हा फरक पडतो. कामाचे तास, साप्ताहिक सुटी, राहण्याची व्यवस्था, औषधोपचार आणि परतीचे तिकीट या गोष्टीही करारात असाव्यात.

ईसीआर वर्गातील कामगारांसाठी ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये व तीन वर्षांसाठी ३७५ रुपये एवढ्या हप्त्यात अपघाती मृत्यू अथवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. पुष्कळ कुटुंबांना हा विमा आहे हेच ठाऊक नसते. म्हणून मागणीही होत नाही.

सुशिक्षित तरुणांसाठी एक वेगळा इशारा आवश्यक आहे. संगणकावरील चांगल्या पगाराच्या कामाचे आमिष दाखवून, थायलंडमार्गे म्यानमार, कंबोडिया व लाओस येथे नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या टोळ्यांत भारतीय तरुणांना डांबण्याचे प्रकार २०२२ पासून उघडकीस आले आहेत. नोकरी एका देशात व तिकीट दुसऱ्या देशाचे असेल, तर तेथेच थांबावे.

सर्व कागदांच्या तीन प्रती कराव्यात. एक जाणाऱ्याजवळ, एक घरात आणि एक विश्वासू नातेवाइकाकडे. त्यांत पासपोर्ट, व्हिसा, करार, विमापत्र, मालकाचे पूर्ण नाव व पत्ता, खोलीतील सोबत्याचा दूरध्वनी क्रमांक आणि त्या देशातील भारतीय दूतावासाचा पत्ता असावा. मोबाइलमधील छायाचित्रावर सर्वस्वी विसंबू नये. मोबाइल माणसाबरोबरच हरवतो.

मागे राहणाऱ्यांची तयारी

हा भाग सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत दुर्लक्षित आहे. पती परदेशी गेल्यावर घराचा सारा कारभार पत्नीवर येतो, परंतु अधिकार मात्र तिच्याकडे येत नाहीत. खाते पतीच्या नावावर, जमीन सासऱ्यांच्या नावावर, आणि पैसे दिराच्या खात्यावर. अशा घरात तिने मुलाची फी भरण्यासाठीसुद्धा कोणाकडे तरी हात पसरायचा. म्हणून जाण्यापूर्वी पत्नीचे स्वतंत्र बँक खाते असावे व घरखर्च थेट त्यात यावा. पतीचे आपल्या बँकेतील साधे बचत खाते नियमाप्रमाणे ‘एनआरओ’ खात्यात बदलून घ्यावे लागते, आणि परदेशातील कमाई साठवण्यासाठी ‘एनआरई’ खाते उघडता येते. सर्व खात्यांवर, विम्यावर व ठेवींवर वारसाचे नाव नोंदवलेले असावे. हुंडीने पैसे पाठवणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय पैसे बुडाले तर दाद मागण्याची सोयही उरत नाही.

जमिनीचे काम जाण्यापूर्वीच मार्गी लावावे. वडील वारले असतील तर वारस नोंद करून घ्यावी, सातबारा पाहावा, फेरफार तपासावा. माणूस परदेशात असताना भाऊबंदकीचा तंटा उभा राहिला की रजा मिळत नाही आणि तारीखही चुकते. कोणा विश्वासू व्यक्तीस मुखत्यारपत्र द्यावयाचे असल्यास ते ठरावीक कामापुरतेच द्यावे, सरसकट देऊ नये. परदेशात केलेले मुखत्यारपत्र दूतावासात साक्षांकित करून घ्यावे लागते आणि ते महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. हे न केल्याने ऐन वेळी दस्त अडून राहतात.

विवाहाची नोंदणी तर प्रत्येकानेच करावी. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यान्वये गावातच ती होऊ शकते. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, हेच निबंधक आहेत. पत्नीस पुढे व्हिसा मिळवण्यासाठी आणि दुर्दैवाने प्रसंग ओढवल्यास विमा, थकीत पगार व उपदान मिळवण्यासाठी पहिला कागद हाच मागितला जातो.

मुलांविषयी शिक्षक माझ्यापेक्षा अधिक सांगू शकतील. वडील दूर असलेल्या घरातील मुलांना वस्तू पुष्कळ मिळतात, पण शिस्त व सहवास यांची उणीव राहते. नववी-दहावीतला मुलगा घरातला कर्ता पुरुष असल्यासारखा वागू लागतो व आईचे ऐकेनासा होतो. अशा वेळी वडिलांनी फोनवर मोबाइल अथवा मोटारसायकल कबूल करण्याऐवजी आठवड्यातून एकदा अभ्यासाची चौकशी करावी. पालकसभेला आई आली तर तिलाच पालक मानावे. “वडिलांना पाठवा” असे म्हणून तिला परत पाठवू नये.

कुटुंब सोबत जात असल्यास

काही कुटुंबे सर्वांसह जातात. परिचारिका, तंत्रज्ञ, अभियंते व शिक्षक यांच्या बाबतीत हे अधिक घडते. २०२४ साली आपल्या राज्य शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याविषयी करार केला. त्यामुळे भाषेच्या तयारीचा प्रश्न ग्रामीण भागापर्यंत आला आहे. जर्मनीत परिचारिकेच्या पात्रतेला पूर्ण मान्यता मिळण्यासाठी सामान्यतः जर्मन भाषेची ‘बी-२’ पातळी लागते. ती दोन-तीन महिन्यांत येत नाही. सोबत जाणाऱ्या पतीने अथवा पत्नीनेही निदान प्राथमिक भाषा शिकावी. नाहीतर नोकरी करणाऱ्याला सहकारी मिळतात आणि दुसरे माणूस चार भिंतींत कोंडले जाते. परदेशातील संसार मोडतात ते बहुधा या एकटेपणामुळे.

मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन ठेवावी. पदव्या, विवाह व जन्म यांचे दाखले आधी राज्य शासनाकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि त्या त्या देशाच्या नियमाप्रमाणे दूतावासाकडून साक्षांकित करावे लागतात. या कामाला आठवडे लागतात. तिकीट काढल्यावर ते सुरू करू नये. मूल परदेशात जन्मल्यास त्याचा जन्म एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदवावा. तसे न केल्यास त्याच्या भारतीय नागरिकत्वाचा प्रश्न निर्माण होतो.

बॅग भरतानाही सावध राहावे. आपल्या घरगुती मसाल्यात खसखस असते. संयुक्त अरब अमिरातीत व सौदी अरेबियात खसखस आणण्यास बंदी आहे आणि तिची गणना अमली पदार्थांशी निगडित वस्तूंत होते. खोकल्याच्या व वेदनाशामक काही औषधांनाही तेथे पूर्वपरवानगी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. आईने प्रेमाने दिलेल्या पुडीमुळे मुलावर विमानतळावरच चौकशीची वेळ येऊ नये. दुसऱ्या कोणाचे पार्सल तर कधीच, कोणत्याही भिडेखातर, नेऊ नये.

मनाची तयारी आणि मदतीची दारे

आखातातील उन्हाळ्याची कल्पना आपल्या वैशाखावरून येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरील कामास कायद्यानेच बंदी आहे, यावरून त्याची तीव्रता ध्यानी यावी. एका खोलीत सहा-आठ माणसे, पाळीचे काम, सणाला सुटी नाही, घरची आठवण. हे सगळे जाणाऱ्यास आधी सांगावे. आखातातून रजेवर आलेला माणूस गावात अत्तर वाटतो, या गोष्टी सांगत नाही. त्याच्या अशा मौनामुळे पुढचा तरुण फसतो. रजेवर आलेल्यांनी शाळेत अथवा ग्रामसभेत येऊन खरे सांगावे, असा प्रघात आपण पाडला तर ते एक मोठे समाजकार्य होईल.

पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क कामगाराचा आहे. मालकाने तो काढून घेतल्यास, पगार थकल्यास वा छळ झाल्यास दूतावासाकडे तक्रार करावी. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर घरच्या माणसालाही येथून तक्रार नोंदवता येते. संकटातील भारतीयांसाठी दूतावासांकडे ‘भारतीय समुदाय कल्याण निधी’ आहे. तो २००९ साली सुरू झाला. निराधार कामगाराचे तिकीट, तात्पुरता निवारा, कायद्याची मदत आणि पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च यांसाठी त्याचा उपयोग होतो. मात्र मदत मागणाऱ्याला आपण कोठे व कोणाकडे कामाला आहोत हे सांगता आले पाहिजे, आणि घरच्यांनाही.

परतीची तयारी जाण्यापूर्वीच

आखातात कायमचे नागरिकत्व बहुधा मिळत नाही. म्हणजे प्रत्येकाला एक दिवस परत यावयाचे आहे. तो दिवस आपल्या सोयीने येईलच असे नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. आयुष्यभराची कमाई तेथील बँकांत व दुकानांत ठेवून हजारो भारतीय वाळवंट ओलांडून जॉर्डनमधील अम्मानला पोहोचले. तेथून एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणांद्वारे १ लाख ७० हजारांहून अधिक माणसे मुंबईस आणली. आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरांत अंगावरच्या कपड्यांनिशी परतलेली माणसे तेव्हा आली. पुढे करोनाच्या काळात ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेत असेच परतणे झाले. या दोन्ही वेळी ज्यांनी आपली बचत मायदेशी, आपल्या व पत्नीच्या नावे ठेवली होती, ते लवकर सावरले.

आपल्याकडे पहिली कमाई घरात जाते. मोठे घर उभे राहते आणि त्यात दोन वृद्ध माणसे राहतात. घर बांधू नये असे मी म्हणणार नाही. पण घरासोबत परतल्यावरच्या उद्योगासाठी एक ठेव दरमहा वाढत राहावी. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. परदेशात नोकरीसाठी राहणाऱ्यास, म्हणजे अनिवासी भारतीयास, परकीय चलनविषयक कायद्याप्रमाणे शेतजमीन, बाग अथवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली अथवा निवासी असताना घेतलेली जमीन मात्र त्याच्याकडे राहू शकते. आंब्याच्या बागेचा व्यवहार करण्यापूर्वी हे जाणून घ्यावे. मतदानाचा हक्कही जात नाही. नमुना ६-अ भरल्यास पासपोर्टवरील पत्त्याच्या मतदारयादीत नाव राहते. मतदान मात्र येथे येऊनच करावे लागते.

आपले कर्तव्य

हे सर्व एकट्या कुटुंबाला जमणारे नाही. म्हणून आपणांपुढे तीन सूचना ठेवतो. ग्रामपंचायतीने परदेशी गेलेल्यांची एक ऐच्छिक नोंदवही ठेवावी. तिच्यात देश, शहर, मालकाचे नाव, पासपोर्ट क्रमांक आणि घरातील संपर्काची व्यक्ती एवढीच माहिती असावी. ती कुलपात राहावी व प्रसंगीच उघडावी. शाळांनी दहावीच्या मुलांना परदेशी नोकरीचा करार व दलालाची नोंदणी कशी पाहावी हे एका तासात शिकवावे. त्यातील काही मुले स्वतः जातील, बाकीची आपल्या घरच्या माणसाचा करार वाचून देतील. अधिकाऱ्यांनी वारस नोंद, विवाह नोंदणी व नावातील दुरुस्ती यांची कामे जाणाऱ्याची तारीख लक्षात घेऊन तत्परतेने करावीत. आपल्या टेबलावर पडून राहिलेला एक कागद परदेशातल्या माणसाच्या घरावर किती भारी पडतो, हे मी पाहिले आहे.

आरंभी सांगितलेल्या त्या भगिनींची हकिगत पुरी करून थांबतो. अपघात नसल्याने विम्याचे १० लाख त्यांना मिळाले नाहीत. विवाहाची नोंद उशिरा झाली, वारसाचे दाखले जमवले आणि दूतावासाच्या पाठपुराव्याने पतीच्या उपदानाची व थकीत पगाराची रक्कम पुष्कळ महिन्यांनी हाती आली. ती त्यांनी स्वतःच्या नावे बँकेत ठेवली. गेल्या वर्षी त्या पुन्हा आमच्या कार्यालयात आल्या. सोबत धाकटा मुलगा होता. त्याला ओमानची नोकरी आली होती. बाईंनी तीच कापडी पिशवी टेबलावर ठेवली. तिच्यात कराराच्या तीन प्रती होत्या, दलालाची पावती होती, विमापत्र होते, मालकाचा पत्ता एका वहीत सुवाच्य अक्षरांत लिहिलेला होता. त्या म्हणाल्या, “साहेब, यात काही राहिलंय का तेवढं बघा.”

मी सगळे कागद तपासले. काहीही राहिले नव्हते. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाच्या घरी अशी एक पिशवी असावी आणि ती कोठे आहे हे घरातल्या सर्वांना ठाऊक असावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.